फिरोजशहा मेहता

सर फिरोजशहा मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५) हे मुंबईतील पारशी बॅरिस्टर, मवाळ राजकीय नेते, कायदेमंडळाचे सदस्य आणि मुंबई नगरपालिकेच्या आधुनिक घडणीचे प्रमुख शिल्पकार होते. १८७२ आणि १८८८ च्या नगरपालिका कायद्यांवर त्यांच्या विचारांची स्पष्ट छाप दिसते. शहराचा कारभार नियुक्त अधिकाऱ्याने चालवावा, परंतु त्याच्यावरील अंतिम नियंत्रण लोकनियुक्त सभेचे असावे, ही मांडणी त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी केली. मुंबईचा आणि पुढे महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांचा कारभार आजही बहुतांशी याच चौकटीत चालतो. मेहता हे १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १८९० साली कलकत्ता येथे भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या सहाव्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. समकालीन त्यांना ‘मुंबईचा सिंह’ म्हणून ओळखत.

बालपण आणि शिक्षण

फिरोजशहा यांचा जन्म मुंबईतील एका मध्यमवर्गीय पारशी व्यापारी कुटुंबात झाला. वडील मेरवानजी हे व्यापाराच्या निमित्ताने बराच काळ कलकत्त्यात असत. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण फारसे झालेले नसले, तरी त्यांना विद्येची आवड होती आणि त्यांनी शास्त्रीय विषयांवरील पुस्तके गुजरातीत आणली होती. फिरोजशहा यांचे उच्च शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. तेथील प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. मुंबई विद्यापीठाची बी.ए. आणि एम.ए. ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांत त्यांचा समावेश होतो.

भारतीय तरुणांनी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हावे यासाठी रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. ग्रँट यांच्या शिफारशीवरून मेहता यांची त्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आणि ते लिंकन्स इन येथे कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा व्यापार भरभराटीस आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच ती तेजी कोसळली. त्यात रुस्तमजींच्या संपत्तीलाही मोठा फटका बसला आणि शिष्यवृत्तीचा आधार तुटला. तरीही मेहता यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला व १८६८ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

लंडनमधील वास्तव्यात दादाभाई नौरोजी, व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय झाला. दादाभाईंनी स्थापन केलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. इंग्रजी उदारमतवादी विचार आणि प्रातिनिधिक शासनाचे तत्त्वज्ञान यांचा त्यांच्यावरील संस्कार याच काळातील आहे. १८६८ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पुढे गुजरात व काठियावाडातील न्यायालये आणि संस्थाने यांतील कामांमुळे त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. असोसिएशनची मुंबई शाखा स्थापन झाल्यावर ते तिचे एक चिटणीस झाले.

१८७१ चा नगरपालिका वाद

पार्श्वभूमी

मुंबई शहराचा कारभार १८६५ च्या कायद्याने नव्या पद्धतीने सुरू झाला. या कायद्यानुसार सरकारने नेमलेले ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ ही नगरपालिकेची सभा होती आणि सर्व कार्यकारी अधिकार एका आयुक्ताकडे दिलेले होते. जस्टिस हे सरकारनियुक्त असत. त्यांची नेमणूक आजीव असे आणि करदात्यांना त्यांच्या निवडीत काहीही स्थान नव्हते.

या पदावर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी होते. त्यांच्या कारकिर्दीत गटारे, रस्ते, सफाई आणि मंडया यांची मोठी कामे झाली. त्यांच्या नावाने ओळखली गेलेली क्रॉफर्ड मार्केट ही मंडई (सध्याची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ मध्ये पूर्ण झाली. शहराचे आरोग्य सुधारले, परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही. अंदाजपत्रकापेक्षा अधिक रक्कम खर्च होत गेली, कर्ज वाढले आणि कर वाढले. १८६५ च्या मंदीने घरमालक व व्यापारी आधीच हैराण झाले होते. त्यामुळे करदात्यांचा असंतोष १८७१ मध्ये आयुक्ताविरुद्धच्या मोठ्या चळवळीत परिवर्तित झाला. नौरोजी फर्दुनजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक हे या चळवळीतील अग्रणी होते.

जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी सुधारणेचा ठराव मांडला. एकट्या आयुक्ताच्या हाती सत्ता एकवटल्यामुळे उधळपट्टी झाली, म्हणून कार्यकारी सत्ता एका नगरमंडळाकडे सोपवावी, असा सुधारणावाद्यांचा विचार होता. एका व्यक्तीऐवजी अनेकांनी मिळून कारभार पाहावा, हा उपाय बहुतेकांना स्वाभाविक वाटत होता.

मेहता यांचा निबंध

मेहता यांनी या प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. त्यांनी प्रथम जस्टिसांच्या सभेत क्रॉफर्ड यांच्या कामाचे समर्थन केले. त्यानंतर २९ नोव्हेंबर १८७१ रोजी धोबी तलाव येथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे मुंबईच्या नगरपालिका सुधारणेच्या प्रश्नावर निबंध वाचला. श्रोत्यांत करदात्यांच्या पक्षाचे लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांना ही मांडणी मुळीच रुचली नाही.

निबंधात त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. कारभार कोणी करावा हा पहिला आणि कारभार करणाऱ्याने कोणाला जाब द्यावा हा दुसरा. त्यांच्या मते १८६५ च्या कायद्यातील दोष कार्यकारी सत्ता एका व्यक्तीकडे असण्यात नव्हता. त्या व्यक्तीवर लक्ष ठेवणारी सभा सरकारने नेमलेली, करदात्यांपासून तुटलेली आणि म्हणून निष्क्रिय होती, हा खरा दोष होता. जस्टिसांना आयुक्ताला आवर घालण्याचे अधिकार होते, परंतु ते वापरण्याची निकड त्यांना वाटली नाही, कारण त्यांना कोणाच्याही दारी मते मागायला जायचे नव्हते.

कारभार मंडळाकडे सोपविल्यास जबाबदारी विभागली जाते आणि ती निश्चितपणे कोणावरही टाकता येत नाही, असा त्यांचा दुसरा मुद्दा होता. एका अधिकाऱ्याच्या चुकीबद्दल त्याला दोष देता येतो. मंडळाच्या चुकीबद्दल प्रत्येक सदस्य दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. शिवाय जी सभा स्वतःच कारभार करते, ती त्या कारभाराची निःपक्षपाती तपासणी करू शकत नाही. त्यामुळे लोकप्रतिनिधींचे काम धोरण ठरविणे, पैसा मंजूर करणे आणि हिशेब मागणे हे असावे, तर दैनंदिन कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले.

यातून त्यांनी तीन सूचना केल्या:

• नगरपालिकेची सभा करदात्यांनी निवडून दिलेली असावी.

• कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या एका अधिकाऱ्याकडे असावी.

• हिशेब तपासणारा अधिकारी आयुक्तापासून स्वतंत्र आणि लोकनियुक्त मंडळाने नेमलेला असावा.

भारतीय लोक प्रातिनिधिक संस्था चालविण्यास अपात्र आहेत, हा त्या काळी वारंवार मांडला जाणारा आक्षेप त्यांनी फेटाळला. ग्रामसंस्था आणि पंचायती यांची दीर्घ परंपरा असलेल्या देशाला स्थानिक स्वराज्य परके नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या निबंधामुळे मेहता यांच्यावर अधिकाऱ्यांची बाजू घेतल्याचा ठपका आला. प्रत्यक्षात निवडणुकीच्या तत्त्वाचा त्यांनी धरलेला आग्रह त्यांच्या अनेक टीकाकारांपेक्षा अधिक दूर जाणारा होता.

क्रॉफर्ड यांच्या पुढील कारकिर्दीला वेगळेच वळण लागले. पुण्यात महसूल आयुक्त असताना लाचखोरीच्या आरोपांवरून १८८८ मध्ये त्यांची चौकशी झाली आणि त्यांची सरकारी सेवा संपुष्टात आली. या प्रकरणात साक्ष देणाऱ्या मामलेदारांच्या बाजूने लोकमान्य टिळकांनी आवाज उठविला होता. मेहता यांचा १८७१ मधील युक्तिवाद मात्र व्यक्तीच्या सचोटीवर नव्हे, तर नियंत्रणाच्या व्यवस्थेवर आधारलेला होता.

१८७२ चा कायदा

१८७२ च्या कायद्याने मेहता यांच्या मांडणीचा गाभा स्वीकारला. आयुक्ताचे पद कायम राहिले. नगरपालिकेच्या ६४ सदस्यांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे ठरले. आर्थिक नियंत्रणासाठी सभेतून एक छोटे नगरमंडळ तयार करण्यात आले. पूर्ण लोकनियुक्त सभेची मागणी मान्य झाली नाही. तरीही निम्मे सदस्य करदात्यांनी निवडलेले असणे ही त्या काळच्या भारतात मोठी गोष्ट होती. नव्या नगरपालिकेची पहिली सभा सप्टेंबर १८७३ मध्ये भरली.

मेहता त्याच वर्षी नगरपालिकेचे सदस्य झाले. काही चरित्रपर टिपणांत ते १८७३ मध्ये मुंबईचे आयुक्त झाल्याचे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. त्या काळी नगरपालिकेच्या सदस्यालाही इंग्रजीत आयुक्त या अर्थाचा शब्द वापरला जात असे, त्यातून हा घोटाळा झाला असावा. आयुक्ताचे कार्यकारी पद मेहता यांनी कधीही धारण केले नाही. त्यांची सर्व सत्ता सभागृहातील सदस्याची होती.

१८८८ चा कायदा

लॉर्ड रिपन यांच्या सरकारने मे १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा प्रसिद्ध ठराव केला. त्यानंतर मुंबईच्या कायद्यातही सुधारणा करण्याचे घाटू लागले. मेहता १८८४ व १८८५ मध्ये नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावरही त्यांची नेमणूक झाली. त्यामुळे नवे विधेयक चर्चेला आले तेव्हा ते सभागृहात उपस्थित होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांचे या कामातील प्रमुख सहकारी होते.

सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात नगरपालिका, तिचे मंडळ आणि आयुक्त यांना जवळजवळ समान पातळीवरील सत्ताकेंद्रे मानण्याकडे कल होता. अशा रचनेत आयुक्ताला सभेपासून स्वतंत्र अस्तित्व मिळते आणि सभा ही केवळ एक सल्लागार संस्था बनते, हा मेहता व तेलंग यांचा आक्षेप होता. आयुक्ताला कारभाराचे पूर्ण अधिकार असावेत याला मेहता यांचा विरोध नव्हता. परंतु शहराचे शासन नगरपालिकेचे आहे आणि आयुक्त त्या शासनाचा अंमलदार आहे, हे कायद्यात स्पष्ट असावे असा त्यांचा आग्रह होता. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी सहानुभूतीची भूमिका घेतल्यामुळे विधेयकात महत्त्वाचे बदल झाले.

संमत झालेल्या कायद्याची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती:

• शहराचे शासन, कायद्यातील अपवाद वगळता, नगरपालिकेकडे निहित करण्यात आले.

• नगरपालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन प्राधिकरणे ठरली.

• कायद्याची अंमलबजावणी करण्याची कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे राहिली. आयुक्ताची नेमणूक सरकारने तीन वर्षांसाठी करावयाची होती. मात्र विशेष बहुमताने ठराव करून त्याला परत पाठविण्याचा अधिकार नगरपालिकेला मिळाला.

• सदस्यसंख्या ७२ झाली. त्यांपैकी ३६ प्रभागांतील करदात्यांनी, १६ जस्टिसांनी, २ मुंबई विद्यापीठाच्या फेलोंनी आणि २ व्यापारी मंडळाने निवडावयाचे होते. उरलेले १६ सरकारनियुक्त होते.

• अध्यक्षाची निवड सदस्यांनी करावयाची होती. त्याच्याकडे सभा चालविण्याचे काम होते, कार्यकारी अधिकार नव्हते.

या रचनेत अध्यक्षपद हे मानाचे, तर आयुक्तपद सत्तेचे ठरले. मेहता स्वतः चार वेळा अध्यक्ष झाले. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आणि १९११ मध्ये सम्राट पाचवे जॉर्ज मुंबईस आले, त्या दोन्ही वर्षी अध्यक्षपदी तेच होते. शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करणे ही त्या पदाची सर्वांत ठळक जबाबदारी होती. नगरपालिकेवरील मेहता यांचा प्रभाव मात्र पदावर अवलंबून नव्हता. अध्यक्षपदी नसतानाही ते अंदाजपत्रकावरील चर्चेत आयुक्ताकडून एकेका रकमेचा खुलासा मागत. कायद्याचा शब्दन् शब्द त्यांना अवगत असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे अधिकाऱ्यांना जड जात असे.

सरकारशी संघर्ष

१८८८ च्या कायद्यानंतरही नगरपालिकेचे अधिकार सुरक्षित राहिले असे झाले नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. पुढील वर्षी सरकारने साथनियंत्रणासाठी ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्लेग समिती नेमली व नगरपालिकेला बाजूला सारले. १८९८ मध्ये शहराच्या दाट वस्त्यांच्या पुनर्रचनेसाठी मुंबई सुधार न्यास स्थापन करण्यात आला. रस्ते काढणे, जुन्या वस्त्या पाडणे व नव्या वसविणे ही महत्त्वाची कामे या न्यासाकडे गेली. त्याच्या खर्चाचा भार शहरावर होता, परंतु त्यावर नगरपालिकेचे पूर्ण नियंत्रण नव्हते. शहरातील कामे लोकनियुक्त सभेच्या कक्षेबाहेर नेण्याच्या या प्रवृत्तीला मेहता यांचा विरोध होता. हा न्यास १९३३ मध्ये नगरपालिकेत विलीन करण्यात आला.

पोलिस खर्च हा संघर्षाचा दुसरा विषय होता. शहरातील पोलिसांवर नगरपालिकेचे कोणतेही नियंत्रण नसताना त्यांच्या खर्चाचा वाटा मात्र तिला द्यावा लागे. ज्यावर अधिकार नाही त्याचा खर्च नगरपालिकेने का सोसावा, हा प्रश्न मेहता यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. अखेरीस १९०७ च्या कायद्याने पोलिस खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांची जबाबदारी नगरपालिकेने घेतली. मुंबईतील पालिका शाळा आणि पालिका रुग्णालये यांच्या पुढील विस्ताराचा पाया या व्यवस्थेत आहे.

१९०७ ची निवडणूक

मेहता यांचे वर्चस्व सर्वांनाच मान्य होते असे नाही. एका व्यक्तीच्या मर्जीवर सभागृह चालते अशी तक्रार युरोपीय अधिकारी व इंग्रजी वृत्तपत्रे करीत. १९०७ च्या नगरपालिका निवडणुकीत जस्टिसांच्या १६ जागांसाठी मेहता उमेदवार होते. त्यांचा पराभव करण्यासाठी काही वरिष्ठ युरोपीय अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने एक गट तयार झाला व त्याने स्वतःच्या १६ उमेदवारांची यादी पुढे केली. या गटाला ‘कॉकस’ असे नाव पडले.

मतमोजणीत मेहता सतराव्या क्रमांकावर आले. शहरात या निकालाची तीव्र प्रतिक्रिया उमटली. माधवबाग येथे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली निषेधाची सभा झाली. अधिकारी वर्गाने नगरपालिकेच्या निवडणुकीत संघटितपणे भाग घेणे हे स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा या निषेधाचा रोख होता. पुढे विजयी उमेदवारांपैकी एकाची निवड न्यायालयात अवैध ठरली आणि ती जागा मेहता यांना मिळाली. या घटनेनंतर त्यांचे सभागृहातील स्थान अधिकच भक्कम झाले.

राष्ट्रीय राजकारण

मेहता, तेलंग आणि तय्यबजी यांनी जानेवारी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या यजमानांत ही संस्था होती. मेहता काँग्रेसच्या आरंभापासून तिच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते.

१८९३ मध्ये मुंबई कायदेमंडळातून त्यांची व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर निवड झाली. तेथे १८९५ च्या पोलिस विधेयकावर त्यांनी केलेल्या टीकेमुळे सरकारी सदस्य अस्वस्थ झाले. तोवर त्या सभागृहाला अशा रोखठोक विरोधाची सवय नव्हती. १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात शेतकऱ्यांच्या जमीनहक्काशी संबंधित महसूल विधेयक रेटून नेले जात असल्याच्या निषेधार्थ मेहता, गोखले व अन्य काही सदस्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळातील जागा सोडली व तेथे गोखले निवडून गेले. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

सनदशीर मार्गावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्यामुळे लोकमान्य टिळक व जहाल पक्ष यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. १९०७ मध्ये सुरत येथे काँग्रेस फुटली तेव्हा मवाळ पक्षाच्या धुरीणांत मेहता होते. फुटीनंतर जहालांना काँग्रेसबाहेर ठेवण्याचे धोरण त्यांनी कठोरपणे राबविले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १९०९ च्या लाहोर अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली होती, परंतु अधिवेशनापूर्वी अल्पकाळ आधी त्यांनी ते पद नाकारले. त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले.

१९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी स्थापन केलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू केले, बी. जी. हॉर्निमन हे त्याचे पहिले संपादक होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

मेहता यांच्या नगरपालिका विचारात वरकरणी एक विसंगती दिसते. निवडणुकीच्या तत्त्वासाठी आयुष्यभर लढलेल्या या नेत्याने शहराची कार्यकारी सत्ता लोकनियुक्त व्यक्तीकडे वा मंडळाकडे देण्यास विरोध केला. तत्कालीन परिस्थितीत या भूमिकेला आधार होता. सभागृहाचे निम्मे सदस्य लोकनियुक्त नसताना त्याच सभागृहाच्या मंडळाकडे कारभार देणे म्हणजे सत्ता जबाबदारीशिवाय पांगविणे ठरले असते. कुशल अधिकारी आणि सतर्क सभा यांचा समतोल त्यांना अधिक सुरक्षित वाटला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत याच्याशी मिळतीजुळती पद्धत स्वतंत्रपणे उदयास आली. १९०८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन या गावाने नगर व्यवस्थापक नेमला आणि १९१३ च्या विनाशकारी पुरानंतर ओहायोतील डेटन या मोठ्या शहराने ही पद्धत स्वीकारली. दोन्ही पद्धतींत निवडलेली सभा धोरण ठरविते व नियुक्त अधिकारी कारभार करतो. त्यांच्यातील फरक मात्र मूलभूत आहे. अमेरिकेतील व्यवस्थापकाला शहराची सभा नेमते आणि तीच काढू शकते. मुंबईच्या आयुक्ताला सरकार नेमते. ब्रिटिश काळात तो इलाख्याच्या सरकारचा माणूस होता आणि आज तो राज्य शासनाने पाठविलेला सनदी अधिकारी असतो. त्यामुळे मुंबईत अधिकारी व सभा यांच्यातील मतभेद हा बऱ्याचदा शासन व शहर यांच्यातील मतभेद बनतो. मेहता यांच्या मांडणीतील ही सर्वांत कच्ची बाजू मानली जाते.

त्यांच्या काळातील मतदारसंघ अतिशय मर्यादित होता. ठरावीक कर भरणाऱ्यांनाच मत असल्याने चाळींतून राहणारे गिरणी कामगार व अन्य श्रमिक मतदानापासून वंचित होते. सभागृहात घरमालक, व्यापारी आणि वकील यांचे प्राबल्य होते व करवाढीला त्यांचा विरोध असे. गरीब वस्त्यांच्या आरोग्यासाठी पुरेसा खर्च न होण्यामागे हे एक कारण असल्याची टीका अभ्यासकांनी केली आहे. १९२२ मध्ये मताधिकार विस्तृत झाला आणि १९४८ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार लागू झाला.

आयुक्तावरील नियंत्रण मेहता यांच्या हयातीत परिणामकारक ठरले, याचे श्रेय कायद्याइतकेच त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला दिले जाते. दीर्घ अनुभव, कायद्याचे ज्ञान व वक्तृत्व असलेला सदस्य सभागृहात असेपर्यंत आयुक्ताला त्याची दखल घ्यावी लागे. तसा सदस्य नसताना तीच कलमे आयुक्ताला फारशी अडवीत नाहीत.

नंतरचा काळ

नगरपालिकेच्या अध्यक्षाला १९३१ पासून महापौर ही उपाधी मिळाली. नाव बदलले, अधिकार बदलले नाहीत. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने आयुक्त पद्धत पुणे आणि इतर शहरांनाही लागू झाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले, परंतु महापौराचे अधिकार व निवडणुकीची पद्धत ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. महाराष्ट्रात महापौराची निवड नगरसेवक करतात आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. आयुक्ताला परत पाठविण्यासाठी मुंबईत एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांची आवश्यकता असते.

कार्यकारी सत्ता निवडून आलेल्यांकडे देण्याचा प्रयोग महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये महापौर परिषदेच्या रूपाने मुंबई व नागपूर येथे केला, परंतु पुढील वर्षीच तो मागे घेण्यात आला. छोट्या शहरांतील नगरपरिषदांच्या अध्यक्षांची थेट जनतेतून निवड करण्याची तरतूद अनेकदा आणली व रद्द केली गेली आहे. महानगरपालिकांत मात्र थेट निवडलेला, अधिकारसंपन्न महापौर असावा की नाही, हा प्रश्न अनिर्णित आहे. अशा महापौराच्या समर्थकांच्या मते नागरिकाला शहरातील प्रश्नांसाठी एक उत्तरदायी लोकप्रतिनिधी मिळाला पाहिजे. विरोधकांच्या मते महापौर एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे असल्यास कारभार ठप्प होतो. जबाबदारी निश्चितपणे एका व्यक्तीवर टाकता आली पाहिजे, हा मेहता यांचा १८७१ मधील मुद्दा आज आयुक्त पद्धतीचे समर्थक आणि थेट महापौराचे समर्थक असे दोघेही आपापल्या बाजूने मांडतात.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्याने आयुक्तांचीच प्रशासक म्हणून नेमणूक झाली. सभागृह आणि स्थायी समिती यांचे अधिकार त्यामुळे एकाच अधिकाऱ्याकडे आले. मेहता यांच्या रचनेतील आयुक्त कायम राहिला, मात्र त्याला जाब विचारणारी सभा दीर्घकाळ अस्तित्वात नव्हती.

स्मारके

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील महानगरपालिका मुख्यालयाच्या प्रवेशद्वारापुढे मेहता यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८९३ मध्ये, मेहता सदस्य असतानाच, पूर्ण झाली. मलबार हिलवरील हँगिंग गार्डन या नावाने प्रसिद्ध असलेल्या बागेचे अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान असे आहे. फोर्ट भागातील एका प्रमुख रस्त्यालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या प्रभावाखाली घडलेला १८८८ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईत अद्याप लागू आहे.